कावळेबाबांचा दरबार आणि धाब्यावरचे बिबडे

भल्या पहाटे गिरणेच्या वाळूत आमचं अख्खं गाव हातात पत्रावळी घेऊन उभं होतं आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. पलीकडच्या चिंचबनातून पहिला कावळा उठला, त्याच्यामागे दहा उठले, आणि मग मोजायची सोयच राहिली नाही. चबुतऱ्यावर काळी कफनी घातलेले कावळेबाबा दोन्ही हात पसरून पुकारा करत होते, "आव पणजोबा, आव. आजोबा, जरा सबुरीसे. सबको मिलेगा." आणि कावळे खरोखरच आले. गिरधर पाटलांच्या पत्रावळीवर त्यांनी अशी झडप घातली की पाटलांचा फेटाच सरकला. पाटलांनी तो सावरत ऐटीत चहूकडे पाहिलं. बायकांनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले.

मी आदल्या संध्याकाळीच धुळ्याहून आले होते. धुळ्याला मी मुलींच्या शाळेत शिकवते, तिथे मला कमलबाई म्हणतात. माहेरी मात्र मी नुसती कमल. साल पंचावन्न, आणि आखाजी तोंडावर आलेली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि खानदेशात तिच्यापुढे दिवाळीही फिकी. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या खातात आणि वर्षभर सासरी गिळलेले शब्द झोक्यावर बसून मोकळे करतात. या दिवसांत लेकीला काम सांगायचं नाही आणि तिला नाही म्हणायचं नाही, असा रिवाज आहे. पुरुष तेवढे दिवस पारावर बसून पत्ते कुटतात. आणि याच सणाला घरोघर पितरांची घागर पुजतात, त्यांच्या नावाने कावळ्याला घास घालतात. तेव्हा बाबांनी गाव आणि हंगाम दोन्ही नेमके हेरले होते.

होळीनंतर ते गावात अवतरले. कोणी म्हणे उज्जैनहून आले, कोणी म्हणे आग्र्याहून. त्यांची हिंदी मात्र सोनगीरच्या फाट्यावरच्या चहाच्या दुकानातली होती, हे मी पहिल्या दोन वाक्यांत ओळखलं. कावळ्यांची भाषा आपल्याला येते असं ते सांगत. ज्याची मान करडी तो कावळा अलीकडे गेलेला, म्हणजे बाप किंवा चुलता. जो चोचीपासून शेपटीपर्यंत काळा तो चौथ्या पिढीतला. असा एखादा डोमकावळा दिसला की बाबा जीभ चावून म्हणत, "बडे बुजुर्ग आये है, चप्पल निकालो." आणि वाळू कितीही तापलेली असो, लोक चपला काढत.

दरबाराचा नियम एकच. घास ठेवायचा. कावळा शिवला तर पितर तुमच्यावर खूश, नाही शिवला तर तुमच्या हातून त्यांचं काही वाईट झालं आहे. नंबर लावायचे मानाप्रमाणे. "पितरों के दरबार में मानपान चुकायचा नही," असं बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि गावाला ते मनापासून पटलं. मानपान आम्हाला जेवणापेक्षा प्रिय आहे. लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसलं यावरून आमच्याकडे दोन घरं बारा वर्षं बोलत नव्हती. तर पहाटे पहिले पाटील आणि त्यांची भाऊबंदकी, मग इतर घरचे कर्ते पुरुष, मग सासवा, त्यांच्यामागून सुना, आणि अगदी शेवटी, डोक्यावर सूर्य तळपत असताना, भिल्लवस्तीतली, म्हणजे भिलाटीतली, आणि गावकुसाबाहेरची माणसं.

निकालही मानाप्रमाणेच लागत होते. पाटलांवर पितर खूश. कर्त्या पुरुषांवर खूश. सासवांपैकी बहुतेकींवर खूश. सुनांच्या घासाला मात्र कावळा तोंड लावेना, आणि भिलाटीकडे तर फिरकेचना. गावातल्या झाडून सगळ्या सुना पापी निघाल्या याचं कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. सासवा म्हणाल्या, आम्ही काय वेगळं सांगत होतो?

मग त्या सुनेने 'काकशांत' करायची. तूप, गहू, आणि पायातले चांदीचे तोडे बाबांच्या झोळीत. शांत झाली की दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे, पाटलांच्याही आधी, त्या शुद्ध झालेल्या सुनेला बाबा पहिला नंबर देत. आणि काय सांगू, कावळे तिच्या पत्रावळीवर तुटून पडत. याहून मोठा पुरावा गावाला नको होता.

एवढं सगळं मला हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या सुनांमध्ये माझी वहिनी होती.

शेवंता माझ्या भावाची, लोटनची बायको. माहेर सोनगीर. आमचे आबा मागच्या पावसाळ्यात गेले. शेवटचे कित्येक महिने ते अंथरुणावर होते, आणि त्यांना घास भरवायचा तो शेवंताच्याच हाताने. माय भरवायला गेली तर तोंड फिरवायचे. अशा शेवंताच्या घासाला कावळा शिवला नाही. बाबांनी डोळे मिटून सांगितलं, तुझा सासरा म्हणतो या पोरीच्या हाताला विटलो. इतर सुनांनी मुकाट तोडे काढून दिले. शेवंताने दिले नाहीत. लोटनने रात्रभर समजावलं, मायने आदळआपट केली, आणि ती चुलीपुढून न उठता एवढंच म्हणाली, "आबासले मी काय कमी पडू दिधं? मंग शांत कसानी करू?"

माय म्हणजे धुरपदाबाई. गावात तिच्या तोंडाला कोणी लागत नाही. तिने निकाल दिला, आखाजी झाली की लोटन शेवंताला सोनगीरच्या गाडीत बसवून देईल आणि परत आणायला कोणी जाणार नाही. लोटन खाली मान घालून बसला होता. तो चांगला आहे, पण मायपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त मायचा आला. मी वाद घातला. ती म्हणाली, तू शाळेत शिकवतेस म्हणून कावळ्याला शिकवशील का?

 मी तणतणत धाब्यावर गेले.

आमच्या घरांचं छप्पर म्हणजे मातीचं सपाट धाबं, आणि उन्हाळ्यात ते वाळवणाने भरलेलं असतं. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, शेवया, कुरडया. लेकीला काम सांगायचं नाही, पण वाळवण राखायला बसवणं हे आमच्याकडे काम समजत नाहीत. मी काठी घेऊन बसले. सकाळी कावळ्यांनी मला नाचवलं. एकाला हाकलावं तर दुसरा पाठीमागून बिबडा घेऊन पसार. एकाने तर माझ्या काठीवरच बसायचा विचार केला होता. उन्हं चढली तसे ते कमी झाले. मग एक वेळ अशी आली की धाब्यावर मी एकटी, बिबडे एकटे आणि खाली सगळं गाव चिडीचूप.

खालून मायची हाक आली, "कमल, उतर व खाले, जेवी ले. ह्या उन्हामा कावया काय येतस? त्या बठ्ठा लिंबना सावलीमा बसेल व्हतीन."

मी जिना उतरता उतरता थांबले. वाकून पाहिलं. परसातल्या लिंबात, अगदी दाट सावलीत, आठदहा कावळे चोची वासून बसले होते. त्यांच्या नाकासमोर उघडे बिबडे पडले होते आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. जेवून मी पुन्हा वर गेले. उन्हं कलली, लिंबाची सावली आमच्या भिंतीवर चढली आणि पहिला कावळा पंख झटकत धाब्यावर उतरला. त्याच्यामागून बाकीचे आले, आणि मला पुन्हा काठी घेऊन नाचावं लागलं. नाचता नाचता मी हसत होते. शेजारच्या धाब्यावरच्या म्हातारीला वाटलं, मास्तरीण बाईला ऊन लागलं.

ही गोष्ट काय गुपित होती? आमच्या गावातली प्रत्येक बाई तिच्या आजीपासून हे ओळखून आहे. दुपारी वाळवण उघडं टाकून बिनघोर जेवावं, हे आम्ही बोलायला लागायच्या आधी शिकतो. तेच कावळे, तीच दुपार. फक्त धाब्यावर त्यांना कावळे म्हणत होते आणि नदीवर पितर.

त्या संध्याकाळी झोक्यावर मी सगळ्या लेकींना जमवलं. पाटलांची सुगंधा माझी बालमैत्रीण, चोपड्याला दिलेली, आणि खोड्या काढण्यात अजून आठ वर्षांची. मी सांगत गेले आणि ती झोक्यावर उभी राहून असे हेलकावे घेऊ लागली की फांदी करकरली. ठरलं ते एवढंच. नंबर फिरवायचे. लेकी आणि सुना पहाटे, पाटील दुपारी.

आखाजीच्या पहाटे मोठा दरबार भरला. पाटील नवा फेटा बांधून पहिल्या पत्रावळीसह पुढे आले, तर त्यांच्यासमोर आम्ही. पंधरावीस माहेरवाशिणी, नवी लुगडी, मेंदीचे हात, आणि मधोमध सुगंधाने मनगटाला धरलेली शेवंता. सुगंधाने पाटलांना सांगितलं, "नाना, आखाजी आम्हनी शे. आज पहिला मान लेकीसना."

पाटलांची मोठी पंचाईत झाली. मान सोडवेना, आणि आखाजीच्या दिवशी लेकीला नाही म्हणता येईना. तेवढ्यात बाबांनी शेवंताकडे बोट दाखवलं. ये तो बहू है, आणि अशुद्ध है, ही पुढे कशी?

"ती भी लेकच शे," सुगंधा म्हणाली, "सोनगीरनी."

 पाटील बाजूला झाले.

शेवंताने पत्रावळ ठेवली. पुरणपोळी, आंब्याचा रस, आणि आबांना आवडायची म्हणून लसणाची चटणी. ती हात मागे घेते न घेते तोच एक करड्या मानेचा कावळा तिच्या बोटांना घासून उतरला आणि पोळीचा तुकडा घेऊन उडाला. मग सगळे आले. चटणीसकट पत्रावळ चाटून पुसून साफ. शेवंता तिथेच वाळूत बसली आणि रडू लागली. कावळे का येतील हे मी तिला आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं, तिला ते कळलंही होतं, तरी ती रडली. मलाही रडू आलं. आबांच्या नावाने तिला जे ऐकवलं गेलं होतं ते काही तिने कानाआड केलेलं नव्हतं.

बाबा तयार होते. म्हणाले, आज त्योहार है, पितरांनी माफ केलं. इथवर ते सुटले होते, आणि गाव मान डोलावत होतं. पण अजून पंधरावीस लेकी बाकी होत्या आणि आम्हाला कसलीही घाई नव्हती.

प्रत्येकीने सात पिढ्यांची नावं घेतली. नावं आठवेनात तेव्हा म्हाताऱ्यांना विचारून घेतली. एकीने आधी आखाजीच्या गौराईचं गाणं म्हटलं, बाकीच्यांनी ते उचललं आणि कडव्यामागून कडवं वाढवलं. सुगंधाने बाबांना विचारलं, हा डावीकडचा कावळा आमचा पणजोबा की चुलतपणजोबा? बाबांनी पणजोबा सांगितलं. मग तो आमच्या पत्रावळीवरचं सोडून शेजाऱ्यांच्या पत्रावळीवर का गेला? बाबा म्हणाले, बुजुर्गों का स्वभाव. मग शेजाऱ्यांची आणि पाटलांची काही जुनी सोयरीक होती का, याची तिथेच चौकशी सुरू झाली. पोरं हसून हसून वाळूत लोळू लागली. बाबा घामाने निथळत होते आणि पुन्हा पुन्हा सूर्याकडे बघत होते. त्या सबंध दरबारात किती वाजले याची काळजी त्या एकट्यालाच होती.

शेवटच्या लेकीचा घास झाला तेव्हा वाळूत पाय ठेववत नव्हता. पारावर पत्त्यांचा डाव थांबला होता म्हणून पुरुष कावले होते. बाबा झोळी उचलायला वाकले आणि पाटलांना म्हणाले, मालक, आपका नंबर कल सबेरे, सबसे पहले. पाटील म्हणाले, सणाच्या दिवशी माझा बाप उपाशी ठेवू का? त्यांनी पत्रावळ ठेवली आणि मागे सरले.

कोणी आलं नाही.

पाटलांनी घसा खाकरला. काव काव केलं. आधी हळू, मग मोठ्याने, मग भाऊबंदकीने सूर धरला. गावचा पाटील नव्या फेट्यात आकाशाकडे तोंड करून काव काव करतो आहे, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. काठावरच्या लिंबात पाटलांच्या सात पिढ्या चोची वासून बसल्या होत्या आणि एकही खाली उतरायला राजी नव्हती.

बाबांनी शेवटचा डाव टाकला. ते पाटलांच्या कानाशी लागले, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं की मालक, आपल्या हातूनही काही चुकलं असेल, शांत करावी लागेल.

"मन्हा बाप मन्हावर कसाले रागे भरी?" पाटील कडाडले. काल खूश होता, परवा खूश होता, आणि आज सणाला काय झालं त्याला?

हीच वेळ होती. बायकांच्या घोळक्यात माय उभी होती. मी हाताचा भोंगा करून विचारलं, "माय, बिबडा धाबावर उघडा टाकीसन उनी तू. कावया लई जातीन ना?"

आणि माय, जिने आयुष्यात कुणाचं अज्ञान सहन केलेलं नाही, फटकन म्हणाली, "ह्या येळे कसाना कावया व? इतला उन्हामा कावया खावाले येस का कधी? त्या तर..."

ती तिथेच थांबली. तिने लिंबाकडे पाहिलं. पाटलांच्या पत्रावळीकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं, आणि शेवटी शेवंताकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरत गेला.

पहिलं हसू कुठल्याशा सुनेने दाबायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही. मग शेजारची, मग तिची सासू. प्रत्येकीच्या धाब्यावर बिबडे होते. प्रत्येक बाई ते उघडे टाकून आली होती आणि कोणालाच घोर नव्हता. भिलाटीतली माणसं मागे उभी होती, ती सगळ्यात मोठ्याने हसली, कारण महिनाभर त्यांना पितरही त्यांची शिवाशिव पाळतात असं सांगण्यात आलं होतं.

मी चबुतऱ्यावर चढले. शाळेतला आवाज लावावा लागला. म्हटलं, कावळा रात्रभर उपाशी असतो. तांबडं फुटलं की चिंचबनातून निघतो आणि पहिलं पोट इथे जवळच भरतो, म्हणून पहाटेच्या माणसावर पितर खूश. मग तो पांगतो, कोणी भडगावच्या बाजाराकडे, कोणी केळीच्या बागांत, कोणी खळ्यांवर. भर दुपारी त्याला खाणं नको, सावली हवी. पाखराला घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकतं. उन्हं कलली की पुन्हा जेवतं आणि मग झाडावर परततं. आज पहाटे शेवंताचा घास खाल्ला आणि दुपारी पाटलांचा खाल्ला नाही, यात दोघांचंही पापपुण्य नाही. बाबांनी फक्त सूर्य पाहिला. सुनेला दुपारी बोलावलं तेव्हा ती पापी ठरली, तोडे घेतल्यावर तिला पहाटे बोलावलं तेव्हा ती पुण्यवान झाली. आणि बाबांना यात फार कष्ट पडले नाहीत, रांग तर आपणच लावून दिली होती.

बाबा तोवर नदीच्या पात्रात बरेच पुढे गेले होते. झोळी मात्र मागे राहिली, कारण तिच्यावर सुगंधा मांडी घालून बसली होती. सुनांनी आपापले तोडे ओळखून पायात घातले. पाटील पत्त्यांकडे गेले. उन्हं कलल्यावर त्यांची पत्रावळ कावळ्यांनी साफ केली, हे सांगायला सुगंधा पारापर्यंत पळत गेली.

 घरी ओसरीवर आल्यावर मायने शेवंताला समोर बसवलं आणि म्हणाली, "दुफारले कावया खात नही, हाई मी रोज धाबावर सांगस. नदीवर मन्ही अक्कल कथी गयी व्हती?" शेवंता उठून चूल पेटवायला गेली. लगेच माफ करून टाकावं असं तिला वाटलं नसेल, आणि मला तिचं बरोबरच वाटलं. चूल फुंकता फुंकता ती म्हणाली, मला आखाजीचं माहेरी जायचं आहे.

दुसऱ्या दिवशी मायने तिची ओटी भरली, सांजोऱ्यांचा डबा बांधून दिला आणि लोटनने तिला सोनगीरला पोचवलं. आणि परत आणायला माय स्वतः गेली. जन्मात कधी सुनेच्या माहेरच्या उंबऱ्याशी न वाकलेली माझी माय तिथे दोन दिवस राहिली, व्याह्यांच्या धाब्यावर वाळवण राखत बसली, आणि शेवंताला घेऊन आली.

तुमच्याही गावात उद्या कोणी येईल. त्याचा आव मोठा असेल, गर्दी जमलेली असेल आणि समोर घडतंय ते डोळ्यांना दिसतही असेल. हात जोडायला हरकत नाही, पण जोडण्याआधी दोन गोष्टी करा. जे आपल्याला घरात माहीत आहे ते घरीच ठेवून जाऊ नका. आणि त्या महाराजांना एवढंच विचारा, महाराज, हेच दुपारी करून दाखवाल का?